सिंगापूरचे बापाक

मोबाइलवरचा व्हिडिओ अर्ध्यात सोडला म्हणून घरमालकाची बोलणी खाल्लेली माणसं जगात फार नसतील. मी खाल्ली आहेत, आणि तीही सिंगापुरातल्या यिशुनच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्याच्या पहिल्याच रविवारी. डायनिंग टेबलाशी चहा पीत मी अंगठ्याने एकेक व्हिडिओ वर सरकवत होते. कुणी नाचतंय, कुणी मांजराला आंघोळ घालतंय, चाललं होतं आपलं. समोरून घरमालक काका म्हणाले, "अहो डॉक्टरीणबाई, कुणी वाढलेलं ताट असं सरकवतं का?"

मला आधी कळेचना. मी टेबलावर ताट शोधलं.

"तो पोरगा काहीतरी सांगत होता. त्याचं तोंड उघडं असतानाच तुम्ही त्याला ढकललंत."

"काका, त्याला कुठं कळतंय?"

"कळत नाही म्हणून ढकलायचं होय?"

मला राग आला. आठवडाभर लॅबमध्ये मान मोडून काम करायचं, आणि रविवारीसुद्धा अंगठा कुणाच्या परवानगीने हलवायचा? पीएच.डी. संपवून नाशिकहून पोस्टडॉकसाठी आले होते मी. युनिव्हर्सिटीपासून यिशुन लांब, पण भाडं परवडायचं आणि काकूंच्या हातचं जेवण मिळायचं. म्हणून गिळला राग आणि तिथंच टेकले.

स्वतः काकांचा व्हिडिओ बघण्याचा थाट निराळाच होता. सकाळी आंघोळ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, चहा. मग पोथी वाचायचं लाकडी व्यासपीठ टेबलावर मांडायचं, पोथीच्या जागी मोबाइल उभा करायचा आणि खुर्चीत ताठ बसायचं. एकदा सुरू झालं की मध्ये उठायचं नाही. काकूंनी आतून "आमटीत गूळ घालू का?" असं विचारलं तरी उत्तर नाही. आवडलं तर मोठ्यांदा "वाहवा!" नाही आवडलं तरी शेवटपर्यंत बघायचं. आणि संपलेला व्हिडिओ आपोआप पुन्हा सुरू व्हायच्या आत "पडदा!" असं ओरडून मोबाइल पालथा घालायचा. ह्यात त्यांची कधी चूक झालेली मी पाहिली नाही.

"देवाला दोन मिनिटं आणि ह्या बाप्यांना तासभर," काकू म्हणायच्या.

सेरंगूनला राहणारी त्यांची नात आली की इथल्या पोरांसारखं 'लाह' लावत वैतागायची. "आजोबा, बोअर झालं की स्वाइप लाह. सो सिंपल!" त्यावर काका तिला सांगायचे की समोरचा बोअर करत असेल तर तो त्याचा दोष, पण आपण मध्येच उठलो तर तो आपला. पोरगी डोळे फिरवायची, आणि खरं सांगायचं तर मीही फिरवायचे.

पडद्याचं खूळ पुण्यातलं. तरुणपणी काका एका हौशी नाटकमंडळीत होते. आवाज बेताचा, उच्चार बोबडे, म्हणून त्यांना पडद्याच्या दोरीवर उभं केलं होतं. संगीत नाटकं करायची ती मंडळी. अंकाच्या शेवटच्या पदाला वन्स मोअर आला की नट पुन्हा गाणार, पुन्हा टाळ्या, पुन्हा वन्स मोअर.

"लोक थांबतात होय?" काका सांगायचे. "आणि नट तर मुळीच थांबत नाही. त्याला कैफ चढलेला असतो. मी विंगेतून त्याच्या गळ्याकडे बघत राहायचो. शीर ताणली गेली रे गेली की दोरी ओढायची. नट शिव्या घालायचा मला. दुसऱ्या दिवशी आवाज शाबूत असला की चहा पाजायचा."

मग नोकरीसाठी ते सिंगापूरला आले, जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका यार्डात. यार्डाचं निम्मं काम समुद्रापलीकडे, इंडोनेशियाच्या बाताम बेटावर. सकाळी फेरीने जायचं, संध्याकाळी फेरीने परत. तिथल्या वेल्डरांशी बोलता बोलता काका त्यांची भाषा शिकले, आणि बोबडे उच्चार त्या भाषेत कुणाला खटकत नव्हते म्हणून खुशीत बोलायला लागले. निवृत्त झाल्यावर फेरी सुटली, भाषा उरली. ती बोलायची कुणाशी? तेवढ्यात तिकडच्या गावागावांत लोकांनी मोबाइल हातात घेतले. भातखाचरात उभा राहून कुणी बातम्या देतोय, कुणी आजी बादली वाजवून गातेय, पोरं म्हशीवर बसून फॅशन शो करतायत.

"अगं, अख्खा देश स्टेजवर चढलाय," काका मला सांगायचे, आणि असा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर, की जणू तो देश त्यांनीच चढवलाय.

दाद द्यायची हौस घरापुरती असती तरी चाललं असतं. यिशुनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, एकजण प्राटा, आपल्या पराठ्याचाच भाऊ, हवेत फिरवून पातळ करायचा. ऑर्डर दिलेली असो नसो, काका त्याच्यासमोर उभे राहायचे आणि प्राटा तव्यावर पडला की "वाहवा! वन्स मोअर!" मागे रांगेतली माणसं ताटकळलेली. तो बिचारा लाजून आणखी एक फिरवायचा. मी लांबच्या टेबलाशी बसून ह्या गृहस्थांना ओळखत नसल्यासारखं करायचे. सेरंगूनच्या मॉलमध्ये भाजी कापायच्या यंत्राची जाहिरात करणारा असायचा. त्याचं बोलणं काका शेवटपर्यंत ऐकायचे, टाळ्या वाजवायचे आणि मग रिकाम्या हाताने निघणं बरं दिसत नाही म्हणून यंत्र घ्यायचे. काकू भाजी विळीवरच चिरायच्या. यंत्रं ओट्याखाली.

आता त्या माणसाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे हे सगळं पुढे असं झालं.

इंडोनेशियातल्या पूर्व जावात लुद्रुक नावाचं लोकनाट्य आहे. आपल्याकडे पूर्वी होतं तसं त्यातही पुरुषच बायकांची कामं करतात. तसल्या एका मंडळीतला हा नट. मंडळी बंद पडली होती. साठीला आलेला, किडकिडीत, मोठ्या कानांचा. घराच्या अंगणात बायको मोबाइल धरायची आणि हा रोज एक नवं सोंग आणायचा. आज गावचा सरपंच, उद्या बकरी विकणारा, परवा सासू. सासू तर काय सांगू! डोक्यावरून टॉवेल घेतला की झाला सासू. नुसती भुवई वर करायचा आणि काकू, ज्यांना त्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, त्या लाटणं हातात घेऊन बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "अगदी आमच्या सासूबाई!"

त्याला बघणारे मोजकेच होते. खाली प्रतिक्रिया लिहिणारे काका आणि अधूनमधून कुणीतरी एखादा. काका रोज लिहायचे. "बागुस, पाक", म्हणजे छान झालं, साहेब. शिवाय कुठे काय आवडलं ते: बकरी विकताना तुम्ही बकरीच्या नजरेने गिऱ्हाइकाकडे पाहिलंत, ती जागा उत्तम. आणि तो माणूस रोज उत्तर द्यायचा. वडीलधाऱ्याला, मान द्यायच्या माणसाला तिकडे बापाक म्हणतात. ह्याने काकांचं नाव ठेवलं होतं 'बापाक सिंगापुरा'. नवा व्हिडिओ सुरू करताना तो कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "बापाक सिंगापुरा, बसलात का?"

"बसलो, बसलो," काका टेबलापलीकडून म्हणायचे.

एकदा तो कॉफीचा ग्लास घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायला गेला आणि खुर्चीचा पाय खरोखरच मोडला. खुर्ची हळूहळू आडवी झाली, माणूस हळूहळू आडवा झाला, पण ग्लास सरळ. जमिनीवर लोळत त्याने एक घोट घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, "कॉफी सुखरूप आहे." बस्. मी लॅबला निघाले होते, ती बूट हातात घेऊन पोट धरून हसले. काकांच्या डोळ्यांतून पाणी. त्यांनी लगेच लिहिलं, "सेकाली लागी, पाक!"

सेकाली लागी म्हणजे आणखी एकदा. वन्स मोअरच तो.

दुसऱ्या दिवशी तो नट नवी खुर्ची घेऊन उभा. "बापाक सिंगापुरांनी सांगितलंय, सेकाली लागी," असं म्हणून हात जोडले आणि पुन्हा पडला. काका इतके फुलले की काय सांगू. "माझा वन्स मोअर घेतला त्याने! समुद्र ओलांडून घेतला!" काकूंना हाक मारली, मला दाखवला, नातीला पाठवला, खाली वॉचमनपर्यंत पोचवला.

आणि तो व्हिडिओ सुटला. कसा, का, ते कुणाला सांगता येणार? त्याच्या गावाबाहेर, जावाबाहेर, मलेशियात, इथं सिंगापुरात, सगळीकडे. माझ्या लॅबमधली मलेशियन मुलगी मला दाखवायला आली. शाळेची पोरं वर्गात खुर्चीवरून पडून "कॉफी सुखरूप आहे" म्हणायला लागली. खाली प्रतिक्रियांचा पूर, आणि त्या सगळ्यांत एकच मागणी: सेकाली लागी.

मग तो रोज पडायला लागला. खुर्चीवरून, मग बाकावरून, मग शिडीवरून, एकदा भिंतीवरून. ग्लास मात्र सरळ. बायकोच्या हातातला मोबाइल गेला, पुतण्या आला, दोन कॅमेरे आले, पडताना वाजणारं संगीत आलं. सासू गेली. बकरीवाला गेला. "बापाक सिंगापुरा, बसलात का?" तेही गेलं.

काका रोज बघत होते, शेवटपर्यंत. पण 'वाहवा' थांबली होती. ते त्याच्या कमरेकडे बघायचे. "उठताना डावा हात जमिनीला टेकवतोय," एक दिवस ते म्हणाले. "आधी नव्हता टेकवत." त्यांनी लिहायला सुरुवात केली, "चुकुप, पाक." पुरे आता. सासू दाखवा. पण खाली हजारो माणसं ओरडत असताना एका म्हाताऱ्याचं 'पुरे' कुणाला ऐकू जाणार? उत्तर येईना. काका पुन्हा लिहायचे, तासाभराने ते कुठे तळाशी गेलं ते शोधत बसायचे.

"अहो, तुम्हाला काय करायचंय?" काकू म्हणाल्या. "त्याचं पोट भरतंय ना?"

"मी मागितलं म्हणून तो दुसऱ्यांदा पडला."

"काका, लाखो लोकांनी मागितलंय," मी म्हटलं.

"पहिला कोण होता?"

मी बोलले, तुम्ही उगाच स्वतःला लावून घेता वगैरे. ते ऐकून घेतात तसं त्यांनी तेही शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

आणि एका सकाळी त्यांनी जाहीर केलं की ते जावाला जाणार. समोर बसून सांगणार, पुरे म्हणून. काकू चिडल्या, भांडल्या, "वेड लागलंय ह्या माणसाला," असं मला ऐकवलं आणि मग स्वतःचीही बॅग भरली, कारण ह्यांच्या गोळ्या ह्यांना कळत नाहीत. पुतण्याला निरोप गेला. पुतण्याचं उत्तर ताबडतोब आलं, पाच-सहा हसऱ्या चेहऱ्यांसकट.

तिथं काय झालं ते मला दोनदा कळलं. एकदा मोबाइलवर, एकदा काकूंकडून.

मोबाइलवर असं: लॅबच्या कँटीनमध्ये जेवत होते मी. पडद्यावर तेच अंगण, पण माणसांनी भरलेलं. मध्ये काका, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, गळ्यात फुलांचा हार. शेजारी तो नट, काकांचा हात दोन्ही हातांत धरून. तो सांगतोय, "हेच ते! पहिला आवाज ह्यांचा! आज ते इथं, स्वतःच्या तोंडाने सांगणार." कॅमेरा काकांच्या तोंडाजवळ. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, त्या माणसाकडे पाहिलं. मी कँटीनमध्ये मोठ्यांदा म्हणाले, "बोला ना काका, चुकुप म्हणा!" समोरचा मुलगा दचकला.

काका म्हणाले, "सेकाली लागी."

अंगणात एकच जल्लोष झाला आणि तो माणूस शेजारी बांधलेल्या मचाणावर चढून खाली पडला.

काकूंकडून, दोघं घरी परत आल्यावर, असं: आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांना घर दाखवलं होतं. नवं छप्पर, मुलीला कॉलेजात घातल्याचा फोटो. नट म्हणाला होता, "बापाक, आयुष्यभर मी सासू केली, मला गल्लीत कुणी ओळखलं नाही. तुमच्या एका शब्दाने मला सगळे ओळखतात." आणि खाली वाकून त्याने काकांच्या पायाला हात लावला. "वाकताना तोंड कसं झालं त्याचं, ते मी पाहिलं," काकू म्हणाल्या. "आणि त्याची बायको आत मला बामाची बाटली दाखवत होती. तिची भाषा मला येत नाही, पण बाम कळतो की! ह्यांना मी सांगितलं सगळं. सकाळी उठून सांगतो म्हणाले." मग त्या काकांकडे वळल्या. "आणि सकाळी उठून हे काय केलंत?"

काका खिडकीशी उभे होते. "सगळे माझ्याकडे बघत होते गं," ते म्हणाले. "त्याचा प्रयोग चालू होता. चालू प्रयोगात कसं मोडू त्याला, त्याच्याच अंगणात?"

हेच ते. जगातल्या दुसऱ्या कुणाही शहाण्या माणसाने तिथं पुरे म्हटलं असतं. ह्यांना जमलं नाही, कारण रंगलेल्या प्रयोगातून उठायचं नाही एवढंच त्यांना आयुष्यभर ठाऊक होतं. मला तेव्हा त्यांचा अस्सा संताप आला होता! आजही आठवलं की येतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आंब्याच्या झाडावरून पडला आणि उठला नाही. मांडीचं हाड मोडलं, कमरेला लागलं. त्याच्या बायकोने हॉस्पिटलच्या खाटेवरचा फोटो टाकला, प्रार्थना करा म्हणून. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकले. त्यांना वाटलं, हाही एक नवा व्हिडिओ. कॉफी सुखरूप आहे ना, असं विचारणारे तर शेकड्यांनी.

काकांनी मोबाइल पालथा घातला. पडदा म्हणाले नाहीत. व्यासपीठ पुसून देवघरात नेऊन ठेवलं.

"फोन तरी करा त्याला," काकू म्हणाल्या.

"काय बोलू? मीच पाडायचं आणि मीच विचारायचं, लागलं का?" मग ते मला म्हणाले, "अगं, दोरी माझ्या हातात दिलेली असायची. नाटकमंडळीने दुसरं काही दिलं नाही मला, पण दोरी दिली होती. आणि मी प्रेक्षकात जाऊन बसलो."

ते पुढे बदललेच. हॉकर सेंटरमध्ये प्राटावाल्याने त्यांना बघून मुद्दाम एक जास्तीचा फिरवला आणि वाट बघत राहिला. काकांनी मान खाली घालून चहाचे पैसे दिले. त्यांच्या ज्या 'वाहवा'ची मला लाज वाटायची, ती नसल्यावर ते हॉकर सेंटर मला ओसाड वाटलं. मी स्वतः "वाहवा" म्हणून पाहिलं. प्राटावाला माझ्याकडे बघून नुसता कसनुसा हसला.

काका फार दिवस राहिले नाहीत. झोपेतच गेले. शेवटच्या आठवड्यातही सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसायचे, समोर काही नसताना.

मी खोली सोडली नाही. काकूंना एकटं टाकून कुठे जाणार? परवा रविवारी सकाळी आम्ही दोघी टेबलाशी बसलो होतो आणि माझ्या मोबाइलवर तो माणूस आला. मी ओरडलेच. काकू आत गेल्या, देवघरातून व्यासपीठ घेऊन आल्या, पदराने पुसलं आणि टेबलावर मांडलं.

अंगण तेच. पुतण्या नव्हता, संगीत नव्हतं, चित्र थोडं हलत होतं, म्हणजे मोबाइल पुन्हा बायकोच्या हातात असणार. तो खुर्चीत बसला होता, बाजूला कुबड्या. पार वाळला होता, कान आणखी मोठे दिसत होते. त्याने डोक्यावरून टॉवेल घेतला आणि भुवई वर केली. काकूंच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, मला सांगता येणार नाही. पूर्ण सोंग केलं त्याने, बसल्या बसल्या. आम्ही हललो नाही. मग त्याने टॉवेल काढून मांडीवर ठेवला आणि कॅमेऱ्याकडे पाहत काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" काकूंनी विचारलं.

तेवढी भाषा मला काकांमुळे यायला लागली होती. "विचारतोय, बापाक सिंगापुरा, अजून आहात का? बाकीचे सगळे पड म्हणतात. सासू कशी झाली ते तुम्ही सांगा."

खाली प्रतिक्रिया येतच होत्या. सेकाली लागी, सेकाली लागी. काकू काकांच्या खुर्चीकडे बघत होत्या.

"आहेत म्हणून लिही," त्या म्हणाल्या.

"काकू..."

"लिही सांगते ना! आहेत म्हणावं, बसलेत. सासू छान झाली. आणि ते वन्स मोअर नको लिहूस. त्यांच्या भाषेत 'पुढे' कसं म्हणतात?"

"लांजुत."

"मग ते लिही. पुढे म्हणावं."

मी काकांच्या नावाने लिहिलं. लिहिताना अक्षरं दिसत नव्हती, दोनदा चुकलं. तेवढ्यात व्हिडिओ संपून आपोआप पुन्हा सुरू झाला. त्याने टॉवेल घेतला, भुवई वर केली, टॉवेल मांडीवर ठेवला आणि विचारलं, बापाक सिंगापुरा, अजून आहात का? मग पुन्हा सुरू झाला. पुन्हा विचारलं. मोबाइल आमच्या दोघींच्या हाताशी होता, पण पालथा कुणीच घातला नाही.